बाजूचा प्लॉट माझा

तुळशीराम कामडी हल्ली रोज माझ्या टेबलापाशी येऊन बसतो. सौसरच्या रजिस्ट्री ऑफिससमोर टिनाच्या शेडखाली माझं टेबल आहे. लोकांच्या जमिनी-घरांचे कागद लिहून द्यायचं काम मी चौतीस वर्षं करतो आहे. आधी पेनानं, आता कॉम्प्युटरवर. तुळशीराम प्लॉटचा दलाल. तीन वर्षांमागे त्याला बसायला फुरसत नव्हती. एक फोन कानाला, दुसरा खिशात वाजत असायचा, आणि चहा ग्लासात तसाच थंड व्हायचा. आता तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पितो आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी काढतो.

"त्या वर्षी दिवसाले तीन-तीन बयाने होऊन राहिले होते, रघुनाथराव," तो म्हणतो.

मी हो म्हणतो. मला माहीत आहे. इसाराचे कागद मीच लिहिले.

मुळात तो संत्र्यातला माणूस. झाडावरचा माल उभ्या बागेतच विकला जातो, तो सौदा जमवून द्यायचा. फळ लिंबाएवढं असताना बागेतून एक चक्कर मारायचा आणि किती पेट्या निघतील ते सांगायचा. फरक पडला तर पाच-दहा पेट्यांचा. त्यामुळे शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्याच्या शब्दावर चालायचे. पुढे बागा वाळू लागल्या, पोरं शहरात गेली, बागांचे प्लॉट पडू लागले. तुळशीराम प्लॉटमध्ये आला तेव्हा लोकांचा विश्वास त्याच्यासोबत आयताच आला. हा विश्वास त्यानं संत्र्यावर कमावला होता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. मीही नाही.

मग पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसर त्यात गेलं. चहाच्या टपरीवर जो तो नकाशा काढू लागला: इथून बायपास, तिथं साहेबांचे बंगले, इकडे कोर्ट. ऑफिसं पांढुर्ण्याला होणार तर सौसरचा प्लॉट का महागावा, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. महागला मात्र खरा. लोधीखेड्याच्या अंगाला अडीच एकराची एक बाग होती. ती तोडून बेचाळीस प्लॉट पडले. चुना लावलेले दगड, लोखंडी गेट, 'पार्वती नगर' नाव, आणि गेटवर मोठा बोर्ड. बोर्डावर तुळशीरामचा फोटो, हात जोडलेला, खाली फोन नंबर.

आता त्याची खुबी सांगतो. आमच्या भागात प्लॉट घेणारा पाणी, रस्ता, रेट सगळं विचारतो, पण त्याच्या पोटात प्रश्न एकच असतो: शेजारी कोण? तो सरळ विचारला जात नाही. "बस्ती कशी हाय?", "लोक कोणते येऊन राहिले?" असा आडून येतो. कोणती जात, असं तोंडानं म्हणायची लाज आहे. मनातून काढायची नाही. तुळशीरामनं याला एकच उत्तर शोधून काढलं होतं.

"बाजूचा प्लॉट माझा हाय," तो म्हणायचा. "सोतासाठी ठेवला."

गिऱ्हाईक निवांत व्हायचं. तुळशीराम कामडी म्हणजे आपला माणूस, चांगल्या घरचा, चिंता मिटली. बेचाळीस प्लॉट, आणि प्रत्येकाच्या बाजूचा तुळशीरामचा. बेचाळीसही रजिस्ट्र्या मी लिहिल्या. त्याचं नाव खरेदीदार म्हणून एकीतही नव्हतं. मी कधी बोललो नाही. मला कागद लिहायचे पैसे मिळत होते.

वामन सोमकुंवर नगरपालिकेतून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी गावाच्या नळाचे व्हॉल्व्ह उघडले. सकाळी त्यांची सायकल गल्लीतून गेली की बाया हंडे लावायच्या. जुन्या बस्तीत तीन भावांच्या घरात त्यांच्या वाट्याला एक खोली होती. रिटायरमेंटचा पैसा आला तेव्हा त्यांच्या बायकोनं, लीलाबाईनं, पार्वती नगर पसंत केलं. तरुणपणी ती त्याच बागेत संत्री तोडायला जात असे. तिथली विहीर तशीच राहिली होती.

रजिस्ट्रीच्या दिवशी दोघं माझ्या टेबलापाशी बसले होते. आमचं बोलणं मराठी, पण राज्य हिंदीचं, म्हणून कागद हिंदीत असतात. मी चतुःसीमा वाचून दाखवली: पूर्व में प्लॉट नंबर सोलह, पश्चिम में प्लॉट नंबर अठारह.

"अठरा कोणाचा हाय?" लीलाबाईनं विचारलं.

तुळशीराम बाजूलाच उभा होता. "माझाच हाय, बाई."

"म्हंजे शेजार राहीन न?"

बाकीची गिऱ्हाइकं शेजारी कोण ते विचारायची. या बाईला शेजार असेल की नाही, एवढीच काळजी होती. एका खोलीत माणसांच्या गर्दीत आयुष्य गेलेलं. एकटेपणाची सवय नव्हती.

"राहीन म्हंजे? तुमी बांधा, तुमच्या मागंमाग मी आलोच."

प्लॉट नंबर अठरा पांढुर्ण्याच्या अभिजीत नावाच्या दुकानदाराचा होता. त्याचा कागद आठच दिवसांपूर्वी मी लिहिला होता. मी मान खाली घालून पुढची ओळ वाचली.

सोमकुंवरांनी सहा महिन्यांत घर बांधलं. पार्वती नगरातलं पहिलं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, गच्चीवर पंचशील झेंडा लागला, आलेल्या सगळ्यांना खीर दिली. तुळशीराम आला होता, खीर खाऊन गेला. पंधरा दिवसांनी अभिजीत त्याच्याकडे आला. म्हणाला, माझा प्लॉट विकून द्या, वास्तू जमत नाही. पाठोपाठ सोळा नंबरवाल्याचीही वास्तू जमेना. वास्तू हा शब्द फार सोयीचा आहे. तो वापरला की माणसाला दुसरं काही बोलावं लागत नाही.

पण विकायचे कोणाला? तोवर बाजार थंड पडला होता. टपरीवरच्या नकाशातली एकही गोष्ट उभी राहिली नव्हती. रविवारी गाड्या भरून येणारे नागपूरवाले येईनासे झाले. ज्यांनी घेतले होते त्यांना बांधायचे नव्हतेच, विकायचे होते. आणि घेणारा नव्हता. पावसाळ्यात चुन्याचे दगड तरोट्याच्या तणात बुडाले. अडीच एकरात एकच घर, त्यात दोन म्हातारी माणसं.

गेल्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, वामनराव कूलरमध्ये पाणी टाकता टाकता कोसळले. लीलाबाईनं हाका मारल्या. ऐकायला कोणी नव्हतं. पोरगा अमोल पुण्याला. त्याला फोन लावला तरी तो काय करणार? नवऱ्याच्या मोबाईलमध्ये कोणाचं नाव कुठं ते तिला कळेना. तिला आकडे तेवढे वाचता येतात. ती मोबाईल घेऊन अनवाणी गेटपर्यंत धावली आणि बोर्डावरचा नंबर बघून एक एक आकडा दाबला.

फोन वाजला तेव्हा तुळशीराम माझ्यासमोर बसला होता. आम्ही दोघंही गाडीत बसलो. पोहोचलो तर ती बोर्डाखालीच उभी होती. तिच्या डोक्याच्या वर फोटोतला तुळशीराम हात जोडून हसत होता. ते मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. कोणाचा, हे मी नक्की सांगू शकत नाही, थोडा माझाही.

वामनराव वाचले. नागपूरला बारा दिवस काढले, डावा हात लुळा राहिला. अमोल आला. शहाणा मुलगा आहे. आईला म्हणाला, "घराले कुलूप लावू अन् पुण्याले चला. पुन्हा असं झालं तं तू कोणाले आवाज देशील?" आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणून मिळालेलं घर होतं ते. तिनं दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आणि एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली. तुळशीराम होताच.

"भाऊ, तुमच्या प्लॉटवर घर कधी बांधता?"

तुळशीरामला आठवेना. "कोणता प्लॉट, बाई?"

"आमच्या बाजूचा. अठरा नंबर." ती टोमणा मारत नव्हती, हेच वाईट होतं. तिनं दोन वर्षं ते खरं धरलं होतं. "मोठं नका बांधू. दोन खोल्या टाका, किरायेदार ठेवा. रातचा दिवा दिसला पाह्यजे अन् आवाज गेला पाह्यजे, बस. म्हंजे मले जावं नाही लागन."

"पाह्यतो, बाई," तुळशीराम म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं रिकाम्या ग्लासात बघितलं. मग म्हणाला, "असं मी किती जनायले सांगतलं असन, रघुनाथराव?"

"बेचाळीस," मी म्हणालो. "मोजायला काय लागतं?"

"तुमी तवा काऊन नाही बोलले?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

त्या साली पार्वती नगरात एकच रजिस्ट्री झाली आणि तिच्यात खरेदीदार दलालच होता. अभिजीतनं चढत्या बाजारात ज्या भावानं घेतला होता त्याच भावानं तुळशीरामनं अठरा नंबर घेतला. भाव पाडून मागितला असता तरी अभिजीतनं दिला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तुळशीराम म्हणाला, घासाघीस करायला बसलो तर महिनाभरानं माझंच मन फिरेल. हे मात्र तो खरं बोलला. चतुःसीमेच्या ओळीवर मी थांबलो. त्या लेआउटच्या प्रत्येक कागदात चारी दिशांना प्लॉट नंबर किंवा रस्ता, एवढंच लिहिलं होतं. या वेळी मी टाइप केलं: पूर्व में – वामन सोमकुंवर का मकान. नंबर टाकला असता तरी चाललं असतं.

घाईनं दोन खोल्या उभ्या केल्या, पण किरायेदार मिळेना. कसा मिळणार? तेव्हा तुळशीरामनं ठरवलं की आपणच जायचं. गावातलं घर मुलाला, भूपेंद्रला सोडलं. तुळशीरामची बायको कलाबाई महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. "गावात अख्खी हयात काढली, अन् आता तिथं?" ती म्हणाली. त्या 'तिथं'मध्ये बरंच काही होतं. तरी दिवाळीच्या आठ दिवस आधी ती सामान घेऊन आली. लीलाबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दोन वर्सं लागले तुमाले, भाऊ. तोंडानं तं एका मिन्टात बांधलं होतं."

अमोलनं कुलपाची गोष्ट सोडली.

सुरुवातीला कलाबाई दह्याचं विरजणसुद्धा भूपेंद्रच्या घरून मागवायची. सून-नातवंडांच्या निमित्तानं अर्धा दिवस गावातच असायची. मग थंडीत एका सकाळी तिनं भिंतीवरून हाक मारली, "लीलाबाई, इरजन हाय का वं?" आणि वाटी पुढे केली. तुळशीरामनं ही गोष्ट मला एकाच दिवसात तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं, वर्षभरातलं पहिलंच. मोहगावचा पंकज आणि त्याची बायको प्रणाली. एकोणीस नंबर बघायचा होता. तुळशीरामच्या घराला लागून, पलीकडच्या बाजूला. नोकरीवाला, बांधून राहणारा, कर्ज मंजूर झालेलं. तुळशीरामला सौदा पक्का वाटत होता. कागदाला प्लॉटचा फोटो लागतो म्हणून त्यानं मलाही नेलं. आम्ही त्याच्या अंगणात चहा घेत होतो. भिंतीपलीकडे लीलाबाई सुपात तूर पाखडत होती.

पंकजनं पाणी विचारलं, रस्ता विचारला. विहीर बघून प्रणाली खूश झाली, स्वयंपाकघर कुठं येईल तेही तिनं दाखवलं. अजून रेटपर्यंत बोलणं पोहोचलं नव्हतं. मग पंकजनं ग्लास खाली ठेवला.

"बस्ती कशी हाय जी? बाजूले कोन हाय?"

मी तुळशीरामकडे बघितलं. बेचाळीस वेळा खोटं बोललेलं वाक्य आता खरं झालं होतं. नुसतं ते म्हणून थांबला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तो सौदा त्याला हवा होता. वर्षभर त्याच्या हाताला काम नव्हतं.

"बाजूचा माझा हाय," तुळशीराम म्हणाला. "अन् माझ्या बाजूले वामनराव सोमकुंवर. आमच्या घरी दही त्यायच्याच इरजनाचं लागते."

पंकजनं मान डोलावली. गच्चीवरच्या झेंड्याकडे एकदा बघितलं. बायकोनं पर्स उचलली. "घरी इचारून फोन करतो, काकाजी," तो म्हणाला. चहा चांगला होता असंही म्हणाला. मोटरसायकल गेटबाहेर पडली.

सुपाचा आवाज थांबला. "जमलं का, भाऊ?" लीलाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं.

"नाही जमलं, बाई."

"काऊन?"

"रेट जास्त वाटला त्यायले."

तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

"रेट तं तुमी सांगतलाच नाही, भाऊ," ती म्हणाली.