आत्या असेल तर नाव

डाळ मिलमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से मागावे लागत नाहीत. मशिनखाली डाळीची चुनी साठते तसे ते साठत जातात, रोज झाडलं तरी संपत नाहीत. मी लातूरच्या एका मिलमध्ये काट्यावर असतो. पोती येतात, मी वजन बघतो आणि मधल्या वेळात लोकांच्या गप्पा ऐकतो. पण मागच्या हंगामापासून आमच्याकडचे सगळे किस्से फिरून एकाच मांजरीवर येतात.

तळहातावर मावेल एवढी होती ती. उदगीरकडून आलेल्या तुरीच्या गाडीत पोत्यांच्या फटीतून निघाली. मिलमधल्या मांजराला उंदरांचं काम असतं. हिनं पहिल्याच दिवशी ते आपलं काम नव्हे असं ठरवून टाकलं. समोर येईल त्याच्या पायावर डोकं टेकवायचं आणि डोळे मिटायचे, एवढंच तिला येत होतं. आमचे मालक अप्पा लांबूनच म्हणाले, "दूध पाजा, पण नाव ठेवू नका. नाव ठेवलं की मला घालवता येत न्हाई."

हे अगदी खरं होतं. नाव असलेलं काहीही अप्पांनी आजवर दारातून बाहेर काढलेलं नाही. शेतावरच्या एका गोऱ्ह्याला गड्यानं सर्जा म्हटलं, तो म्हातारा होऊन अप्पांच्याच गोठ्यात मेला. मिलच्या मागे एक जीप गंजत उभी आहे, कारण तिला कुणीतरी राणी म्हणालं होतं! म्हणजे मांजरीचं मिलमध्ये राहणं एका नावावर अडलेलं, आणि नेमकी नावालाच बंदी.

*

बंदी असली तरी हाक तर मारावीच लागते. रसूलचाचा आमचे सगळ्यात जुने हमाल. एकदा पोतं टाकून वळले, मांजर पायात आली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे बेगम, हट ना." अप्पा समोरच उभे. चाचांनी लगेच सांगितलं की आपण घरी फोनवर बोलत होतो. अप्पांनी माझ्या टेबलाकडे बघितलं. चाचांचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता. चाचांनी पुढची पोती जरा जास्तच घाईनं उचलली.

*

मशिन चालू झालं की आमची शेड हादरते. शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. त्या गोंधळात ही डाळ निवडणाऱ्या शांताबाईंच्या मांडीवर झोपायची. एकदा शांताबाईंनी मला खुणेनं बोलावलं आणि माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. सगळी जमीन थरथरत होती, आणि त्यातही तिची घरघर वेगळी कळत होती. कानाला नव्हे, हाताला. एवढ्याशा जिवात एवढं सुख मावतं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी काट्यावर परत आलो, तर बराच वेळ मला आकडे दिसत नव्हते.

*

नांदेडचे एक व्यापारी आमच्याकडे डाळ बघायला येतात. गृहस्थ कडक. खुर्ची दिली तर बसत नाहीत, चहा दिला तर अर्धा ठेवतात. त्या दिवशी ते मूठभर डाळ उन्हात धरून बघत होते आणि हिनं येऊन त्यांच्या बुटावर डोकं टेकवलं. साहेब हलले नाहीत. चहा थंड झाला, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला, तरी ते तसेच उभे. ती उठली तेव्हा त्यांनी हळू आवाजात तिचं नाव विचारलं. आम्ही सगळे अप्पांकडे बघायला लागलो.

अप्पा म्हणाले, नाव नाही. मग मी नेतो नांदेडला आणि तिथे नाव ठेवतो, असं व्यापारी म्हणाले. अप्पांनी ताडकन सांगितलं, "देत न्हाई." ठेवून घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही, असा तो मामला!

*

एकदा मात्र ती निवडलेल्या डाळीच्या ढिगात जाऊन झोपली आणि अप्पांचा पारा चढला. त्यांनी टेम्पोवाल्या बालाजीला फर्मान सोडलं, हिला रेणापूरच्या पुढे सोडून ये. शांताबाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी बालाजी आला तो मांजर मांडीवर घेऊनच.

"अप्पा, तिनं गिअरच्या हातावर डोकं ठेवलं. मी रेणापूरपस्तोर एकाच गिअरमध्ये गाडी चालवत ऱ्हायलो. सोडायचा हातच मोकळा न्हवता."

*

अप्पा रोज सकाळी ऑफिसात तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात. समोर वाटीत दूध असतं. दुसऱ्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेलो आणि दारातच थांबलो. अप्पा डोळे मिटून बसलेले, त्यांच्यासमोर ती, तिचेही डोळे मिटलेले. मध्ये दुधाची वाटी जशीच्या तशी. अप्पांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि त्या माणसाचा हात नमस्कारासाठी कपाळाकडे गेला तो तिथेच राहिला. मी आल्या पावली मागे फिरलो.

दुपारी त्यांनी आम्हाला बोलावून अट घातली. नाव ठेवायचं तर रीतीनं बारसं करा. पाळणा पाहिजे, घुगऱ्या पाहिजेत, आणि कानात कुर्र करायला आत्या पाहिजे. मांजरीला आत्या कुठली आणणार, असा त्यांचा हिशोब असावा. शांताबाई लगेच म्हणाल्या, "तुमी सांभाळता म्हंजी बाप तुमीच. मग अक्का हायत की घरात."

अप्पांचा चेहरा उतरला.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून मिलच्या मागच्या घरात भावाकडेच असते. अप्पांना तीन लेकरं. तिघांच्याही बारशाला सख्खी आत्या स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजवत होती आणि नाव ठेवायला चुलत बहीण बोलावली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. आजवर कुणी बोललं नव्हतं.

अप्पा स्वतः उठून घरात गेले आणि अक्काला हाताला धरून घेऊन आले. नव्या बारदानाचा पाळणा खांबाला बांधला होता. मशिन बंद होतं. अक्का वाकली, त्या इवल्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गिरिजा." जराही विचार करावा लागला नाही तिला.

आता रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण कुणाचा हात उठेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मागून मालकीणबाई पुढे आल्या, अप्पांच्या बायको. डोळे भरलेले. त्यांनी अक्काच्या पाठीत एक चांगला सणसणीत धपाटा घातला.

अक्कानं मान वळवून भावजयीकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून तीन मार. मागचे ऱ्हायलेत."