लाकडी घरातली डबल बेल

कंडक्टरबाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा आवाज काही रिटायर झाला नाही. भाजीवाल्याशी बोलल्या तरी शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावं अशाच बोलत. जन्मभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ओरडलेल्या बाईकडून कुजबुजीची अपेक्षा करणं हाच मुळात अन्याय. आणि अन्याय म्हटला की बाई पेटल्याच म्हणून समजा.

नवरा त्यांच्याच बसवरचा ड्रायव्हर. बाईंनी बेल द्यायची आणि त्यांनी गाडी हाकायची. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. "माझ्या बेलवर चालणारा एवढा एकच पुरुष भेटला, मग लग्न दुसऱ्या कुणाशी करणार?" असं बाई चारचौघांत सांगत, आणि ड्रायव्हर मिशीतल्या मिशीत हसत.

दोघांनी उतारवयात घर घेतलं ते लाकडाच्या इमारतीत. लाकडाच्या म्हणजे लाकडी जिन्याच्या नव्हे हो, अख्ख्या! भिंती लाकडाच्या, छत लाकडाचं, जमीन लाकडाची. फळ्या आडव्याउभ्या एकमेकींवर चिकटवून वीतभर जाडीच्या लाद्या केलेल्या, त्या कारखान्यातून कापून आणायच्या आणि क्रेनने उचलून जागेवर बसवायच्या. असे सात मजले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. कुणी म्हणालं वाळवी खाईल, कुणी म्हणालं काडी लागली की भडका. पण सिमेंटच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर बाई उन्हाळाभर पापडासारख्या भाजून निघाल्या होत्या. विक्रीच्या ऑफिसातल्या मुलीने समजावलं की जाड लाकूड असं झटकन पेटत नाही, सिमेंटच्या कारखान्यांचा धूर वाचतो, तोडलेल्या झाडांच्या जागी नवी लावतात. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, "श्वास घेणारं घर. जंगलाची शांतता, शहराच्या मधोमध." बाईंना पटलं.

आणि खोटं कशाला बोला, घर गोड होतं. आत आलं की लाकडाचा वास यायचा. उन्हाळ्यात भिंत तापत नसे, थंडीत पाय गारठत नसत. ड्रायव्हर येता-जाता भिंतीवरून हात फिरवायचे. नियम मात्र ढीगभर. जमिनीवर पाणी ओतायचं नाही, भिंतीला रंग द्यायचा नाही, खिळा मारायचा तर आधी परवानगी घ्यायची. "अख्खं घर लाकडाचं आणि खिळ्याला परवानगी!" बाई कपाळावर हात मारून घेत. पण परवानगी घेत.

मग ड्रायव्हरना अर्धांगाचा झटका आला.

डावी बाजू गेली, बोलणं अडखळलं. दवाखान्यातून घरी आले ते चार पायांचा वॉकर घेऊन. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज चाललेच पाहिजेत. बसून राहिले की पाय आखडेल, मग कायमचे खुर्चीत. आता हे सांगायचं कुणाला? जन्मभर स्टिअरिंग हातात असलेला माणूस. लेकीने विनवलं, डॉक्टरीणबाईंनी दटावलं, बाईंनी तर आकाशपाताळ एक केलं. ड्रायव्हर खिडकीपाशी बसून बाहेर बघत राहिले.

शेवटी एका सकाळी बाईंचा पारा चढला. कपाटात तिकिटं पाडायचा जुना पंच होता, नोकरी सुटताना साहेबांकडून मागून आणलेला. तो घेतला आणि रागारागाने भिंतीवर हाणला. टक टक.

ड्रायव्हर उठले. वॉकर पुढे टाकला, पाय ओढला, पुन्हा वॉकर टाकला. खिडकीपासून दारापर्यंत गेले, वळले, परत आले. बाई बघतच राहिल्या. मग हळूच एकदाच वाजवलं. टक. ड्रायव्हर जागच्या जागी थांबले, ब्रेक दाबल्यासारखे.

माणसाचं अर्धं डोकं कुठे हरवलं होतं देव जाणे, पण बेल शाबूत होती. त्या दिवसापासून पंच बाईंच्या कमरेला आला. डबल बेल दिली की गाडी सुटायची, सिंगल बेल मिळेपर्यंत फेऱ्या चालू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर वॉकर सोडून काठीवर येतील. बाईंनी त्या दिवशी शिरा केला आणि स्वतःच दोन वाट्या खाल्ला.

आता यात कुणाचं काय जात होतं? जात होतं, खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं. एकटा माणूस, घरूनच काम, त्यात अर्धशिशी. आधी त्यांनी दारात येऊन सांगितलं, "बाई, वरून आवाज फार येतो." बाईंनी वॉकरला रबराचे बूट घातले. मग त्यांनी चिठ्ठी पाठवली. बाईंनी सतरंजी अंथरली, सतरंजीवर गोधडी अंथरली. वॉकर गोधडीत अडकायला लागला तेव्हा गोधडी काढली. मग सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला, "घरातील अनावश्यक चालणे टाळावे." अनावश्यक! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा नवरा काय हवा खायला चालतोय? आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाता ते कशावर, पंखांवर?" बैठक हसली. ठराव मात्र तसाच राहिला.

त्यानंतर ड्रायव्हर मधेच थांबायला लागले. चांगले चालत असायचे आणि एकाएकी उभे. बाईंचा जीव खालीवर व्हायचा. पाय दुखतो का? नाही. चक्कर येते का? नाही. पंच वाजवला की पुन्हा चालायचे, थोड्या वेळाने पुन्हा उभे. पाय पुन्हा आखडायला लागला की काय, या भीतीने बाईंना घास गोड लागेना.

एकदा नवऱ्याला चालतं ठेवून बाई खाली औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानात गर्दी होती. परत आल्या तर ड्रायव्हर खोलीच्या मधोमध उभे. ना भिंतीचा आधार, ना खुर्चीचा. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, गुडघे लटलट कापतायत, आणि पायजमा ओला. खाली थारोळं. ज्या जमिनीवर पाण्याची बादली ओतायला मनाई, त्या जमिनीवर.

"अहो, बसला का नाहीत? खुर्ची समोर आहे ना!"

ड्रायव्हरनी मान वर केली नाही. जीभ सावरत म्हणाले, "बेल... झाली. थांबलो. पुढची... आलीच नाही."

"कुणी दिली बेल? मी घरात नव्हते!"

त्यांनी उजवा हात वॉकरवरून कसाबसा उचलला आणि खाली जमिनीकडे बोट दाखवलं.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. वकीलसाहेब खालून छतावर झाडूचा दांडा आपटत होते. एकदाच, सभ्य माणसासारखा. ठक. आणि वर ड्रायव्हर इमानेइतबारे गाडी थांबवून उभे. बेलशिवाय गाडी हलवायची नाही, ही जन्माची सवय. रिकामी बससुद्धा त्यांनी कधी डबल बेलशिवाय हलवली नव्हती.

बाईंनी नवऱ्याला स्वच्छ केलं, कपडे बदलले, निजवलं. मग जिना उतरल्या. दार उघडायच्या आतच त्यांनी सुरुवात केली होती. "माणूस आहात की कोण? माझा नवरा तुमचा एक ठोका बेल समजून स्वतःच्या घरात उभ्याउभ्या भिजला! बस चालवताना त्याने कधी कुणाला धक्का लागू दिला नाही, आणि तुम्ही त्याला..." बाईंचं वाक्य अर्धं राहणं म्हणजे आक्रीतच.

वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "मला खरंच माहीत नव्हतं, बाई," ते म्हणाले. "पण आवाज मी खोटा सांगत नाही. उद्या ते चालायला लागले की खाली या. एकदा माझ्या खुर्चीत बसून ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नवऱ्याला डबल बेल देऊन तावातावाने खाली गेल्या. वकीलसाहेबांच्या खुर्चीत बसल्या, हाताची घडी घालून. ढप्प. सर्रर्र. ढप्प. सर्रर्र. जणू कुणी डोक्यावर पाटावरवंटा चालवतंय. रबराचे बूट होते, सतरंजी होती, तरीही! टेबलावरच्या चमच्याचाही नाद होत होता. आणि त्या ओढणाऱ्या पायाचा आवाज. वरून बघताना पाय एवढा घासतो हे बाईंना कधी जाणवलंच नव्हतं. त्यांच्या हाताची घडी सुटली.

"हे असं रोज?" बाई म्हणाल्या.

"रोज."

"मग ती जंगलाची शांतता कुठेय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई उठल्या. "चला," म्हणाल्या, आणि बाईंनी चला म्हटल्यावर चालायचंच असतं.

शेजारी त्याच बिल्डरची दुसरी लाकडी इमारत उभी राहत होती. तिथे खाली विक्रीचं ऑफिस आणि वर नमुन्याचा फ्लॅट. बाईंनी वकीलसाहेबांना ऑफिसात बसवलं आणि स्वतः वर गेल्या. चपला काढल्या नाहीत. घर बघायला आलेलं एक जोडपं भिंतीवरून हात फिरवत होतं. त्यांच्यादेखत बाईंनी उड्या मारायला सुरुवात केली. चांगलं वजन होतं बाईंचं. ड्रॉइंगरूममध्ये मारल्या, बेडरूममध्ये मारल्या, एक खुर्चीही आपटून बघितली. मग धापा टाकत खाली आल्या.

"काय ऐकलंत?"

"तुम्ही उड्या कधी मारणार होतात?" वकीलसाहेबांनी विचारलं.

ऑफिसातली मुलगी गोरीमोरी झाली. नवीन असावी, खरं बोलून गेली. "सॅम्पल फ्लॅटच्या जमिनीखाली आवाज अडवायला रबराचा आणि वाळूचा थर आहे ना, म्हणून. तुमच्या बिल्डिंगला नुसत्या पातळ फोमवर भागवलंय."

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे! आतून मॅनेजर धावत आला. म्हणाला, आवाज नियमात बसतो. म्हणाला, लाकूड म्हटलं की थोडं ऐकू यायचंच, निसर्ग आहे. बाई कडाडल्या, "निसर्गाला मधे घालू नका! झाडाने फसवलं नाही आम्हाला. झाडाचं नाव सांगून तुम्ही फसवलंत. तो थर तुम्ही गिळलात, आणि आम्ही महिनोन्‌महिने एकमेकांच्या उरावर बसलो!" ते जोडपं जिन्यातच थबकलं होतं. माहितीपत्रक टेबलावर ठेवून ते निघून गेलं.

वकीलसाहेबांनी दावा लावला. पण दावा म्हणजे दावा, तारखांमागून तारखा. तोवर जमीन तीच आणि पाय तोच. त्या दिवशी ऑफिसातून घरी येताना बाई त्यांना एवढंच म्हणाल्या होत्या, "ठोकायचंच असेल तर दोनदा ठोकत चला. एकदा नका ठोकू." वकीलसाहेबांनी झाडू कपाटात टाकला. पाय मोकळा व्हायला लागला, आणि बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला.

म्हणून एका दुपारी नवऱ्याला चालतं ठेवून त्या दूध आणायला गेल्या. येताना लिफ्टमध्ये शिरल्या आणि वीज गेली. लिफ्ट मधेच लटकली. त्यात जिन्यात रंगारी खिडक्यांचे गज रंगवत होते. त्यांच्या हातून शिडी निसटली. ठाक! एकच आवाज, सगळ्या इमारतीत घुमलेला.

थांबले असणार. मधोमध, नुसत्या वॉकरवर. त्यांनी लिफ्टच्या पत्र्यावर मूठ दोनदा आपटली, चार वेळा आपटली, पण तो लोंबकळता डबा. त्याचा आवाज डब्यातच राहिला. "अहो, चला!" त्या ओरडल्या. जो आवाज भर बाजारातून बसच्या टोकाला जायचा, तो बंद दारातून वर पोचेना. पायजमा, थारोळं, खाली घातलेली मान, सगळं डोळ्यांसमोर आलं. बाईंनी बिल्डरला, विजेला आणि देवाला एका दमात शिव्या घातल्या, आणि मग भिंतीला टेकून रडायला लागल्या.

आणि मग ऐकू आलं. ठक ठक.

क्षणभर काहीच नाही. मग वरून, लाकडातून झिरपत आल्यासारखं, ढप्प. सर्रर्र. ढप्प.

वीज आली तशा बाई मिळेल त्या मजल्यावर उतरल्या आणि जिन्याने धावल्या. वकीलसाहेबांचं दार उघडंच होतं. ते खुर्चीवर उभे होते, एका हातात झाडू, दुसऱ्या हाताने दुखतं कपाळ गच्च दाबलेलं.

"शिडी पडली आणि वरचा आवाज बंद झाला," ते म्हणाले. "थोडं थांबलो. तुमचा पंच वाजेना. म्हटलं, बाई घरात नाहीत."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "खुर्चीवर कशाला चढायचं ते? पडला असतात म्हणजे? तुम्हाला कुणी बेल दिली असती?" त्या खेकसल्या, आणि खुर्ची घट्ट धरून त्यांना खाली उतरवलं.

वरचा आवाज दारापाशी जाऊन थांबला. वकीलसाहेबांनी घाईघाईने पुन्हा झाडू उचलला. "आता वळायचं असेल ना? वळायला किती बेल?"

"वळायला बेल नसते," बाई म्हणाल्या. "ते त्यांचं ते वळतात."

दोघं वर बघत उभे राहिले. वॉकर वळला, आणि त्यांच्या डोक्यावरून परत खिडकीकडे निघाला.