करंजाभोवतीची तार

भिवंडीतील सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहितो आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा मजकूर मोठ्या साहेबांनी दोनदा वाचल्याचे मी स्वतः पाहिले आहे. या सर्व लेखनावर सावली धरली ती एका करंजाने. त्याचे, आणि त्याला वाचवणाऱ्या बाईचे, उपकार लेखी मान्य करावेत म्हणून हा प्रपंच.

मध्यंतरी त्या करंजाची पाने पिवळी पडू लागली. शेंड्याच्या फांद्या वाळल्या, दुपारी कागदावर ऊन येऊ लागले. शेजारचा चहावाला रोज त्याच्या मुळाशी पाणी ओतत असे. कारण मला तत्काळ उमगले. मी दीड पानी तक्रार तयार केली : सदर इसम उकळते पाणी ओतून सार्वजनिक वृक्षाची हानी करीत आहे, सबब त्याची टपरी हटवावी. ती त्याला वाचूनही दाखवली.

"वकीलसाब, ठंडा पानी डालता हूँ. उन्हाळ्यात तुमच्या झाडाला मीच तर पाजतो."

"ते अर्जात येणार नाही," मी म्हणालो.

त्याच दिवशी डोंगराकडच्या पाड्यावरून माझ्याच वयाची एक बाई आली. पाड्यावरच्या नळाला पाणी येत नाही, असा अर्ज तिला हवा होता. पण स्टुलावर बसून ती पाहत होती करंजाच्या खोडाकडे. माझी ताडपत्री आणि पाटी ज्या तारेने बांधली होती, ती सालीत रुतली होती. तारेच्या वर खोड टायरसारखे फुगले होते.

"दादा, ही तार कोनी बांधली?"

"मीच. पक्की आहे."

"पक्की हाय म्हनून तर मरतंय झाड."

मी तिला समजावले, की पाणी मुळांकडून वर चढते, आणि पाने तर अजून आहेत. शाळेत मी तेवढेच शिकलो होतो.

"पानी चढतंय, आतल्या लाकडातून. पन पानातला रस सालीतून खाली येतो, त्यावर मुळं जगतात. त्यो हितं अडलाय, बघा, फुगलंय. मुळं उपाशी हायत. आमाला झाड वाळवायचं असलं तर आमी सालीचं कडंच काढतो. लई दिस वरून हिरवं दिसतं."

चहावाल्याने न सांगता पक्कड आणली. तारेचे तुकडे निघाले. एक आतच राहिला. तक्रार मी त्याच्यासमोर फाडायला घेतली.

"फाडू नका, फक्त नाव बदला," तो म्हणाला.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मी रोज आल्याबरोबर आधी वर पाहत असे. चैत्रात वाळक्या फांद्यांच्या खालून कोवळी, चकचकीत पाने फुटली. वळ अजून आहे. परंतु साल त्यावरून दोन ठिकाणी जुळली आहे. ताडपत्री आता बांबूंवर असते.

परवा ती बाई पुन्हा आली. मी विचारण्याआधीच तिने खोडावर हात ठेवला.

"जगलं की!"

"जगले. नळाला पाणी आले?"

"न्हाय."

मी स्टूल सावलीत सरकवले, चहावाल्याला खूण केली आणि कोरा कागद घेतला. त्या दिवशी झाडाच्या नादात मी तिचा अर्ज घाईने उरकला होता. या खेपेस तिला शेवटपर्यंत बोलू दिले, मगच पेन उघडले.