मुंग्यांच्या पुस्तकाचा पंचनामा

मुरुम शहरापासून बसनं वीस मिनिटांवर आमचं गाव. गावात वाचनालयाची एकच खोली, आणि त्या खोलीत मी चौदा वर्षं ग्रंथपाल म्हणून बसतोय. गावात कुणी काही वाचत नाही, असं माझं पक्कं मत होतं. मी स्वतः काय वाचतो हे कधी कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते मत टिकून राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात या खोलीवर गावजेवणाच्या भांड्यांची नजर पडली. पातेली, काहिली, परातींची चळत देवळाच्या ओवरीत मावेना. वाचनालयाच्या समितीनं ठराव केला: महिनाअखेरपर्यंत दहा माणसांनी पुस्तक वाचल्याचं दिसलं तर खोली वाचनालयाची, नाहीतर भांड्यांची. कपाटं शाळेच्या व्हरांड्यात जाणार आणि मी घरी. बायकोनं मला दिवसभर कसं सहन करायचं, याचा ठरावात कुठंही विचार नव्हता.

मी चिडून कामाला लागलो. फळ्यावर लिहिलं, 'जिज्ञासू वाचकांसाठी शिफारस', आणि खाली मुंग्यांवरचं एक पुस्तक मांडलं. जाडजूड, कोरं करकरीत, आत चित्रं. त्याची प्रस्तावना मी वाचली होती, अनुक्रमणिका वाचली होती, शेवटचं प्रकरणसुद्धा वाचलं होतं. ग्रंथपालाला एवढं पुरतं. मलपृष्ठाच्या आत एक कागद चिकटवला. वाचणाऱ्यानं तिथं अभिप्राय लिहून सही करायची. सुरुवात म्हणून मीच लिहिलं, 'अत्यंत वाचनीय. मधला भाग तर विसरता येत नाही.'

पहिले वाचक आले ते निवृत्त तलाठी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर गारपिटीचे आणि पडलेल्या भिंतींचे पंचनामे लिहिलेला माणूस, त्यांना साधा अभिप्राय कसा लिहवणार? त्यांनी लिहिलं: 'सदर पुस्तकाची चतुःसीमा पुढीलप्रमाणे. पूर्वेस मुखपृष्ठ, पश्चिमेस मलपृष्ठ, उत्तरेस धूळ, दक्षिणेस टेबल. समक्ष पाहणी केली असता आत मुंग्या मिळून आल्या. कोणाचीही हरकत नाही. सबब पंचनामा लिहून दिला.' खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक आमच्या समितीच्या अध्यक्षांची होती.

"अण्णा, पंच कशाला? वाचलं तुम्ही एकट्यानं," मी म्हणालो.

"पंचाबिगर पंचनामा व्हतो का कुठं? आणि सही हाय म्हंजे पाह्यलं, पाह्यलं म्हंजे वाचलं. तीन वाचक लावा."

मी तीन लावले. अध्यक्षांची सही नाकारायला मला काय वेड लागलं होतं? मग त्याच नमुन्याचा पायंडाच पडला. जो येई तो दोन पंच घेऊन येई, आणि प्रत्येक पंचनाम्यात पुस्तकाला चारी दिशा असत. एकानं तर पुस्तकात वहिवाटीचा रस्ता नसल्याचंही नमूद केलं. एक पंच दोनदा आला, तो एकदाच धरून पंधरा दिवसांत वाचक अकरा झाले. खरं म्हणजे मला संशय यायला हवा होता, पण संशय घेणं त्या महिन्यात मला परवडणारं नव्हतं.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. वाचनालयाच्या मागं पिठाची गिरणी आहे, ती त्या चालवतात. माहेर कर्नाटकातलं, बोलताना मधूनच कन्नड शब्द टाकतात आणि आपल्याला तो समजलाय असं धरून चालतात. महिना संपायला आठवडा उरला असताना त्या केसांवर पीठ घेऊनच खोलीत आल्या.

"सर, एक इचारायचं हाय. वळीव येणार असला की आदल्या दिवशी मुंग्या तोंडात अंडी धरून भिंतीवर चढतेत. गिरणीत मी दरसाल बघते. त्यायला आधीच कसं कळतंय वो?"

चौदा वर्षांत मला कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. मी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. "मधल्या पानांत सविस्तर दिलंय. मी स्वतः वाचलंय."

"मग सांगाच की."

"सगळं मीच सांगायचं तर पुस्तक कशाला, अक्का?"

त्यांना ते पटलं. पुस्तक पदराखाली धरून त्या गेल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी समितीची बैठक आमच्याच खोलीत भरली, अकराही वाचकांसकट. निकाल काहीही लागो, म्हणून भांडी आधीच आणून दाराबाहेर ठेवलेली. अण्णांनी अकरा वाचकांची यादी वाचून दाखवली. अध्यक्षांना भरून आलं. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "म्या लई पुस्तकं पाह्यली, पण ह्याच्यासारखं न्हाय. त्यातली मधली पानं वाचताना तर माझ्या डोळ्याला पाणी आलं बघा." मीही मान डोलावली. मधल्या भागाचं कौतुक शेवटी मीच सुरू केलं होतं.

तेवढ्यात पातेल्यांमधून वाट काढत अक्का आत आल्या. पुस्तक उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. "सर, हे काय हाय? मधली सोळा पानं जोडलेलीच हायत. पाकिटासारखी. वाचनालयाची वस्तू, म्हणून म्या फाडली न्हाय."

मी पाहिलं. छापखान्यात सोळा पानं कापायचीच राहून गेली होती. वरची घडी तशीच, बाजूची घडी तशीच. आत पाहायला फट नाही. जन्माला आल्यापासून त्या पानांना वारा लागला नव्हता.

खोलीत कुणी कुणाकडं बघेना. अध्यक्षांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. चौदा वर्षं गेली, मला वाटलं.

अण्णा उठले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी घडीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "पानं पुन्हा जुळलेली दिसतेत," ते म्हणाले. "दमट हवेनं व्हतं असं."

उन्हाळा ऐन भरात होता. गावात टँकर सुरू होते. उन्हाच्या भीतीनं कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नव्हती.

"व्हय, दमटपणा लई वाढलाय," अध्यक्षांनी कपाळावरचा कोरडा घाम पुसला. ठराव सर्वानुमते मंजूर झाला: अकरा जणांनी वाचल्यानंतर हवेतील दमटपणामुळे सोळा पानं परस्परांस चिकटली, वाचकांचा त्यात दोष नाही, सबब खोली वाचनालयाकडेच राहावी. मी सूचक म्हणून सही केली. मग अध्यक्षांच्या अडकित्त्यानं, दोन पंचांसमक्ष, पानं कापण्यात आली. कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या निघाल्या. भांडी परत ओवरीकडं निघाली.

अक्का मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. "आता वाचा की मोठ्यानं. माझं इचारायचं राह्यलंय."

अकरा वाचक कान देऊन बसले. त्यांच्याइतकाच मीही त्या पानांना नवा होतो. चष्मा लावून मुंग्या आणि पाऊस शोधत गेलो. एकशे बावन्नाव्या पानावर सापडलं, आणि मी वाचलं: "पाऊस येणार हे मुंग्यांना आधी कळतं का, आणि कळत असेल तर कशानं, हे आज खात्रीनं सांगता येत नाही."

पुढं दुसराच विषय सुरू होत होता. मी पान उलटून पाहिलं, परत मागं आलो. मला फार लाज वाटली. एवढ्या जाड पुस्तकाला जे कबूल करायला लाज वाटली नव्हती, ते मला एका बाईसमोर म्हणवलं नव्हतं.

अक्कांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग त्यांनी पुस्तक मिटून माझ्या टेबलावर ठेवलं.

"ठाऊक न्हाय, एवढंच हाय व्हय त्यात? मग त्या दिवशी तुमी तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं की, सर. म्या काय रागवले असते?"

आणि गिरणी उघडी टाकून आलेय म्हणत त्या गेल्या.