शिक्का नसलेली साक्ष

आमची पोरगी अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेवर निवडून आली, हे मी इथे सौदीतल्या अल खर्जमध्ये ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. डेअरीतले केरळी, बंगाली, इजिप्तवाले, कोणीच सुटलं नाही. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला की तुझं ऐकून ऐकून गायींचं दूध आटेल. म्हणू दे! मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा माणूस, गोठ्यांचे पंखे नि पंप दुरुस्त करता करता फोरमन झालो. माझी पोर कायदे करणार आणि मी गप्प बसू होय?

तिला तीन कायदे करायचे होते. शाळेत पोरांना फुकट जेवण, शाळेच्या बसमध्ये एसी, आणि उन्हात राबणाऱ्यांना दुपारची विश्रांती, सावली नि पाणी. बसचं कुठून आलं ते मला ठाऊक होतं, इथल्या शाळेच्या बसमधून ती रोज घामाघूम होऊन उतरायची. घोडं अडलं होतं ते तिसऱ्यावर. आमच्याकडे आता उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, तसा नियमच आहे. तिकडच्या समितीत मात्र काही जण म्हणत होते की कायदा कशाला, फोरमन लोक आपापलं बघून घेतात. समितीत एक मत कमी पडलं असतं तरी बिल तिथेच संपलं असतं. म्हणून तिने मला व्हिडिओवरून साक्ष द्यायला सांगितलं.

आता आमची खोड सांगतो. इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा शिक्क्याशिवाय कशावर विश्वासच बसत नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना असो, शाळाप्रवेश असो, सुट्टीचा अर्ज असो, शिक्का नाही तर खलास. मी टायपिंगच्या दुकानात बसून साक्ष अरबीत टाइप करून घेतली, तिचं इंग्रजी करून घेतलं, मुदीरचा शिक्का मारला आणि ऐटीत तिला पाठवली. मुदीर माणूस भला, पण त्याचा शिक्का हवा तर कागदात सगळं गोडच लिहायला हवं. डेअरी उत्तम, पाणी थंडगार, कोणाला कधी काही झालं नाही, असं मी लिहिलं होतं.

लगेच तिचा फोन आला. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर त्या दिवशी चक्क मराठीत बोलली.

“अब्बा, मला शिक्का नको. तो दिवस सांगा.”

माझं डोकंच फिरलं. तो दिवस म्हणजे नियम यायच्या आधीचा. भर दुपारी पंप बसवताना मी भोवळ येऊन पडलो होतो. माणसांनी उचलून घरी आणलं. बायकोला मी ताप आलाय म्हणून सांगितलं, पण दारात माणसं काय बोलली ते आठ वर्षांच्या हिने ऐकलं होतं. ती रात्रीपर्यंत ओला टॉवेल घेऊन माझ्या उशाशी बसली आणि कोणाला काही बोलली नाही. आता तेच मी जगासमोर सांगायचं? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सुनावणी आमच्या असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर होती. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, बायको लॅपटॉपमागे उभी. सवयीने मी आधी शिक्काच कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडे हशा पिकला. अध्यक्षबाई म्हणाल्या, शिक्का छान आहे, पण लागत नाही. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पोरीचा चेहरा दिसला. मी कागद पालथा ठेवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो दिवस सांगितला.

विरोधातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं की मग तुमच्या फोरमनने काम का नाही थांबवलं?

“साहेब, फोरमन मीच होतो,” मी म्हणालो. “सहा माणसं पाणी मागत होती, त्यांनाही मी थांबू दिलं नाही.”

बिल एका मताने पुढे गेलं. ते मत त्या म्हाताऱ्याचं होतं. बायको एवढंच म्हणाली, “मग आठवडाभर मी तापाचा काढा कशाला पाजला तुम्हाला?” आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

त्या सहांतला एक जण अजून माझ्या हाताखाली आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो बाराला पाच मिनिटं असताना आला, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मला दंडाला धरून सावलीत नेऊन बसवलं.