काटेमावशींची सही

काटेमावशींचं खरं नाव पगाराच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. माझ्या थोरल्या मामांच्या तराजू-दुरुस्तीच्या दुकानात त्या एकोणिसाव्या वर्षी झाडलोट करायला आल्या आणि पुढची एकतीस वर्षं काटे तपासत राहिल्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मामांचं काउंटर, मागे खिडकीखाली मावशींचं टेबल, टेबलावर काचेच्या पेटीत पारखायची वजनं. ती नुसत्या हाताने धरायची नाहीत, चिमट्यानेच उचलायची. वाऱ्याने काटा हलतो म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा बंद. मी लाडीगोडी लावत जवळ गेले तर म्हणायच्या, "श्वास तिकडे सोड."

मामा बिनलग्नाचे, तिरसट आणि कमालीचे हेकट. त्यांचा एक नियम होता. दुरुस्त झालेल्या प्रत्येक तराजूला चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर दोन सह्या हव्यात, एक दुरुस्त करणाऱ्या मामांची आणि दुसरी तपासणाऱ्या काटेमावशींची. मावशींनी मालकाचंच काम खुशाल परत केलेलं मी कितीदा पाहिलंय. मामा पुटपुटत पुन्हा कानस हातात घ्यायचे, पण मनातून खूश असायचे. गिऱ्हाइकापुढे छाती फुगवून सांगायचे, "हिची सही नसलेला कागद या दारातून बाहेर जात नाही."

छातीच्या दुखण्याने दवाखान्यात राहून आल्यावर त्यांनी मृत्युपत्र लिहायला घेतलं. आई म्हणाली, "दादा, एकदा वकिलाला दाखव."

"एवढ्याशा दुकानाला वकील कशाला? मला लिहिता येतं."

दुकानाच्याच कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलं आणि दोन साक्षीदार आणायला मला पिटाळलं. मी शेजारच्या शिंप्याला आणि समोरच्या न्हावीकाकांना घेऊन आले. शिंप्याने सही केली. न्हावीकाकांनी हात पुसून पेन घेतलं, तेवढ्यात मामांनी त्यांना थांबवलं.

"तुम्ही राहू द्या. दुसरी सही हिची. आमच्याकडे रीतच आहे तशी."

काटेमावशी उठून आल्या. मजकूर मामांनी कोऱ्या कागदाने झाकला होता.

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही, मालक."

"हे माझं काम आहे. मी तपासलंय."

उभ्या जन्मात मावशींनी न तपासता केलेली ती एकच सही. न्हावीकाका हिरमुसले होऊन परत गेले आणि मी त्यांच्या पाठीमागे हसले. ते हसू मला अजून डाचतं.

मामा गेल्यावर वकीलबाईंच्या ऑफिसात तो कागद वाचला गेला. दुकान, आतली सगळी हत्यारं आणि वजनं मामांनी काटेमावशींना दिली होती. मावशींनी रुमाल तोंडाला लावला. वकीलबाईंनी पान उलटलं, सह्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"ही सही कुणाची?"

"माझी," मावशी म्हणाल्या.

इथला कायदा असा आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं. आजारी माणसाला धाकात घेऊन कुणी सगळं लाटू नये, म्हणून केलेला नियम. म्हणजे दुकान आता वारसांचं, माझ्या आईचं आणि धाकट्या मामांचं. आई तिथल्या तिथे म्हणाली, "माझा वाटा यांना द्या." धाकटे मामा उठून बाहेर पडले. जिन्यात मला म्हणाले, "कायदा मी केला नाही. मलाही दोन मुली आहेत." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि त्याचाच संताप आला. खरा राग थोरल्या मामांवर होता. दोन ग्रॅमसाठी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा माणूस, आणि एवढा एक कागद त्यांनी कुणा जाणत्याला दाखवला नाही.

मावशींनी वकीलबाईंना एकच विचारलं, "न्हाव्यांनी सही केली असती तर?"

"तर दुकान तुमचं असतं."

अर्धं दुकान कुणालाच चालवता येत नाही, म्हणून ते विकायचं ठरलं. सामानाची यादी करायची होती आणि ती तपासून सही करण्याजोगं माणूस काटेमावशींशिवाय दुसरं नव्हतं. धाकटे मामा म्हणाले, "नजर टाका नि करा सही." मावशींनी तीन दिवस घेतले. एकेक वजन चिमट्याने उचलून तोललं. अर्ध्या किलोचं एक झिजलेलं निघालं, तर त्याच्यापुढे तसं लिहिलं. दुकान उद्याही उघडणार असल्यासारखं त्यांचं काम चाललं होतं. मला रडू आवरेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळी यादी पुन्हा वाचली आणि सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. मी पेन उचललं.

त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू नको. कागदावर अजून तुझ्या आईचा वाटा आहे यात."

मग त्या स्वतः रस्ता ओलांडून गेल्या आणि न्हावीकाकांना घेऊन आल्या. काका दारातच थबकले.

"आज परत नाही ना पाठवणार?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "बसा. सावकाश करा."

काकांनी हात पुसले आणि ठळक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी काचेच्या पेटीवर फडकं घातलं, आणि उठून पंखा लावला.