कापडाखालचा हात

हे मी आईला सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर तुरुंगातली भाकरी खाल्ली, त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? कारण देत बसलो तर पुन्हा पळवाट शोधेन. म्हणून नुसतं सांगतो.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझ्या पत्रकांमुळे. मी कळसाडीचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. पण वाढलो तो पत्रकांवर. शाळेत धडे पाठ व्हायचे नाहीत, पत्रकं व्हायची. मिसरूड फुटायच्या आत स्वतः लिहू लागलो. अंमलदार, दलाल, दारूचा गुत्तेवाला — कुणाला सोडलं नाही. चोराला भर चौकात चोर म्हणायचं, हे माझं ब्रीद. आणि भर यात्रेत मी एका माणसाला चोर म्हटलं, जो चोर नव्हता. हे एक झालं. याच्या खाली आणखी एक आहे. तिथपर्यंत जायचं आहे — पाय मागे ओढतात, पण जायचं आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत त्या वर्षी आम्ही तंबू ठोकला होता. नाव दिलं ‘उद्याचं घर’. कल्पना माझी, आराखडे माझे. स्वराज्य आल्यावर माणसाच्या हातातली रोजची वस्तू कशी असेल, ते मला दाखवायचं होतं. नुसतं दाखवायचं नाही — करायला लावायचं. पायाने फिरणारं जातं. चाकावरची रवी. प्रत्येक ठिकाणी आधी जुनी वस्तू वापरायची, घाम काढायचा, मग शेजारची नवी. विळ्याशेजारी मी कडबा कापायचं यंत्र ठेवलं होतं — मोठं लोखंडी चाक, चाकाला दोन पाती, पुढे कडबा सारायचं तोंड. त्यावर खादीचं कापड टाकलेलं. आधी विळ्याने पेंढी कापा, मग मी कापड उचलीन, असा नियम. उद्याचा दिवस फुकट बघायला मिळता कामा नये! फार अभिमान होता मला त्या कापडाचा.

आणि बाहेर बाजारात दुसरी कापडं होती. यात्रेत घोड्याचा भाव तोंडाने होत नाही. उपरणं टाकतात, देणारा-घेणारा त्याखाली हात घालतात, आणि बोटं दाबून आकडा ठरतो. शेजारच्यालाही कळत नाही. या रीतीवर मी सकाळीच पत्रक वाटलं होतं — ‘अंधारातला बाजार’. ज्याचा हात कापडाखाली, तो लुटारू, असं त्यात छापलं होतं. दलाल मला बघून हसत होते. ते हसू अंगात भिनलं होतं.

दुपारी जामसिंग आला. सातपुड्यातला पावरा आदिवासी, घोडी घ्यायला बायकोबरोबर खाली उतरलेला. त्याने विळा उचलला आणि बघता बघता पेंढी कापून काढली. लोक वाहवा म्हणाले. मग त्याने कापडावरूनच चाकावर हात फिरवला, वाकून यंत्राकडे पाहिलं. त्याला ते आवडलं होतं. घोडीपेक्षाही जास्त, असं वाटलं.

मग यंत्राने बोटं कापली — नाही. यंत्र काही करत नाही. चाक फिरलं, जामसिंगची बोटं गेली. रक्त कापडातून वर आलं. तो ओरडला नाही आधी, माझ्याकडे बघत राहिला. लोक मागे सरले. कुणीतरी विचारलं, “काय व्हयनं रे भाऊ?”

मी म्हणालो, “चोर शे हाऊ! पातं काढी ऱ्हायंता!”

पातं काढून नेत होता, असं. बस्स, एवढंच. मग मला काही करावं लागलं नाही. “धरा त्याले!” पहिला दगड कुणी मारला, पाहिलं नाही. कुणी त्याच्याच पेंढीतला कडबा ओढून मारला, कुणी घोड्याचा चाबूक. तुटल्या हातावर लाथ बसलेली मी पाहिली. त्याची बायको त्याच्यावर आडवी पडली, तर तिलाही. अहिंसेचं पत्रक माझ्याच झोळीत होतं. मी हललो का? नाही. आमच्या म्होरक्याने पाठीवर थाप मारली — वेळीच ओळखलंस म्हणून. ती थाप मी घेतली.

संध्याकाळी त्याची बायको परत आली. ओठ फाटलेला. मोडक्या अहिराणीत म्हणाली, “भाऊ, बोटे दे.”

मला कळेना. “कोणती बोटं?”

“त्याना बोटे. त्याना शेतस, तुन्हा नहीत. दे.”

मी ती कापलेल्या कडब्याबरोबर झाडून बाहेर टाकली होती. कुत्री होती तिथे. मी म्हणालो, “नहीत आठे.” ती तंबूभर बघत राहिली — जात्याखाली, रवीखाली. मग गेली. त्याचा हात सडला, होळीच्या आधी तो मेला, हे मला पुढे डोंगरातून येणाऱ्या एका लाकूडवाल्याकडून कळलं. मी ‘अरेरे’ म्हणालो. त्याच आठवड्यात जुलमावर लिहिलं. लोकांना आवडलं.

आता खालचं.

जामसिंगने कापडाखाली हात चोरून घातला नव्हता. माझ्या डोळ्यांत बघत, हसत, सावकाश घातला. यात्रेत वस्तूवर कापड आहे म्हणजे भाव करायचा आहे — त्याला दुसरं काय वाटणार? खाली उतरून तो हीच रीत शिकला होता. त्याने कापडाखाली बोटं उघडली, आणि माझ्या हाताची वाट बघत थांबला. “कितलाले देस, दादा?”

मागून एक दलाल खदखदला. “आते घाल ना हात, भाऊ! तू भी आमना निंघना!” सगळा तंबू हसला. माझ्या पत्रकाला हसला. माझं डोकं फुटायला आलं. माझा एक हात चाकाच्या मुठीवर होता.

त्याला घाबरवायचं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. त्या क्षणी मला तो हात तिथे नको होता. पाती कुठे आहेत, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आराखडा माझाच होता. त्याची बोटं कुठे आहेत, तेही ठाऊक होतं. त्या बोटांनी कापड तिथेच वर आलेलं दिसत होतं.

मी बघून चाक फिरवलं.